तारखेचा अंदाज आणि कायद्याची मुदत

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विवाहित स्त्रीला गर्भपाताची परवानगी नाकारली. तिला आधीची दोन मुले होती. धाकटे मूल अंगावर पीत असल्याने पाळी पुन्हा सुरू झालेली नव्हती, आणि म्हणूनच आपल्याला दिवस गेले आहेत हे तिच्या फार उशिरा ध्यानात आले. निकालाच्या वेळी सव्वीस आठवडे उलटून गेले होते; २०२१ च्या दुरुस्तीनंतरही कायद्याची मर्यादा चोवीस आठवड्यांची, आणि तीही ठराविक परिस्थितीतील स्त्रियांपुरती. या निकालावर चर्चा झाली ती स्त्रीचा हक्क मोठा की गर्भाचा, या अंगाने. जिला पाळीच आलेली नाही तिचे आठवडे कोठून मोजावयाचे, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला.

बाळंतपणाची तारीख काढण्याची जी रीत आजही दवाखान्यात चालते, ती एकोणिसाव्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयाचे, की झाले २८० दिवस. आपल्याकडील 'नऊ महिने नऊ दिवस' या बोलीपासून हा हिशेब फारसा दूर नाही. परंतु पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते आणि तिची तारीख बाईच्या लक्षात असते, ही दोन गृहीते त्यात दडलेली आहेत. दोन्ही खरी असली तरी नेमक्या ठरल्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच. घरात त्याने काही बिघडत नाही. बाळंतविडा आठ दिवस अधिक पेटीत राहतो, इतकेच. अंदाजाची ही तारीख जेव्हा औषधाचा आणि कायद्याचा आधार होते, तेव्हा प्रश्न गंभीर होतो.

औषधाचे उदाहरण फार बोलके आहे. मूल मुदतीपूर्वी जन्मणार असे दिसल्यास त्याच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. २०१४ साली केंद्र शासनाने चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान ते देण्याची मुभा आरोग्यसेविकेलाही दिली. पुढच्याच वर्षी सहा देशांतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेळगाव व नागपूर ही त्यातील भारतीय केंद्रे. हे औषध गावपातळीपर्यंत पोहोचवूनही अगदी लहान वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत; उलट एकंदर नवजात मृत्यूंचे प्रमाण काहीसे वाढले. औषध मिळालेल्या पुष्कळ स्त्रिया मुदतीपूर्वी बाळंत झाल्याच नाहीत. दिवसांचा हिशेबच कच्चा होता. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, तेच औषध दिले गेले, तेव्हा बालकांचे प्राण वाचले. रुग्णालयातील इतर सोयींचाही त्यात वाटा होता, हे मान्य करूनही दोन्ही अनुभवांतील अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही.

उपाय ठाऊक आहे. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली तर चूक आठवड्याच्या आत राहते. शेवटच्या तीन महिन्यांत ती तीन-चार आठवड्यांवर जाते. असे असताना २०१६ साली सुरू झालेले, दर महिन्याच्या ९ तारखेचे पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान आखले गेले ते दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांसाठी. धोका हुडकण्यासाठी ते उपयुक्त आहेच. पण तारीख पक्की करण्याची वेळ तोवर टळलेली असते. सोनोग्राफी यंत्रांवर १९९४ च्या कायद्याची कडक नजर आहे, आणि ती असावयासच हवी. मुलींचे गर्भ पाडणाऱ्यांनीच ही पाळी आणली. मात्र त्या बंदोबस्ताची झळ पोचते ती यंत्रापासून पन्नास मैल दूर असलेल्या बाईला.

उशिरा येणाऱ्या स्त्रियांसाठी मद्रासच्या आयआयटीतील व फरिदाबादच्या संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली भारतीय गर्भवतींच्या मोजमापांवरून नवे सूत्र मांडले, हे स्वागतार्ह आहे. परदेशी कोष्टकांपेक्षा त्यात चूक बरीच कमी होते, असे त्यांचे म्हणणे. तरीही उशिराची मोजणी ही उशिराचीच.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या बाईचे पाहा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. फडावरच दिवस गेले तर गावी परतेपर्यंत पाचवा-सहावा महिना लागलेला असतो, आणि पहिली सोनोग्राफी झालीच तर तेव्हा. त्या वेळी दोन आठवड्यांची चूक सहज संभवते. कायद्याच्या दृष्टीने वीस आणि बावीस यांत मात्र एका डॉक्टरच्या मतापासून दोन डॉक्टरांपर्यंतचे, किंबहुना परवानगीपासून नकारापर्यंतचे अंतर पडते. गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरातच नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्र व प्रशिक्षित डॉक्टर उपलब्ध करून देणे राज्य शासनाला अशक्य नाही. टोळ्या कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला उचल देतानाच ठरलेले असते. तीच यादी आरोग्य खात्याच्या हाती हंगामाआधी का पडू नये?