पोलादाचे माप

दिवाळीचे कपडे शिवायला टाकताना आमच्या घरात दरवर्षी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वाढते अंग आहे, चार बोटे सैलच शिवा." दुसरा म्हणतो, "अंगाबरोबर शिवा, मुलाला बुजगावणे करू नका." कापडाच्या बाबतीत हा वाद फारसा महाग पडत नाही, कापड बिचारे सांभाळून घेते. पण कपडा पोलादाचा असेल तर?

परवा धाराशिवला अक्कांकडे गेलो होतो. (२०२३ पर्यंत या जिल्ह्याच्या नावाची सरकारी पाटी उस्मानाबाद अशी होती, अक्का मात्र पहिल्यापासून धाराशिवच म्हणत.) अक्कांची बारा वर्षांची नात दांडपट्टा शिकते. घरात तिचा केवढा तोरा! २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हापासून तर विचारूच नका. पण या खेपेस पोर गप्प गप्प होती. ऐन उकाड्यात लांब बाह्यांचा झगा घालून बसलेली. अक्कांनी बाही वर सारली, तर कोपराखाली हे एवढे काळेनिळे वळ!

"संपलं तुझं पट्टा-बिट्टा," अक्कांनी निकाल दिला. "हात मोडून घ्यायचाय का?"

"दुखतं म्हणून सोडायचं नसतं, आज्जी!" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

दोघींचेही खरे होते, म्हणूनच पंचाईत. मी म्हटले, "अगं, आधी तो पट्टा तर दाखव."

ज्यांनी पट्टा हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तलवारीची मूठ उघडी असते, पट्ट्याची नसते. पट्ट्याच्या लांब, लवचिक, दुधारी पात्याला पोलादी खोबळा जोडलेला असतो. त्यात हात कोपराच्या जवळपास जातो. आत आडवी मूठ असते, ती मुठीत धरायची, आणि वरच्या टोकाला हाताभोवती पट्टी. म्हणजे शस्त्र आणि चिलखत एकाच वस्तूत! मात्र त्यामुळे मनगट बांधले जाते. पट्टा मनगटाने फिरत नाही. तो खांदा, कोपर आणि कंबर यांच्या बळावर फिरतो.

पोरीचा खोबळा मोठ्या माणसाच्या मापाचा होता. तिने मूठ धरली की वरचा काठ थेट कोपराच्या लवणीत रुतायचा. आतली पोकळी एवढी की प्रत्येक फिरकीला पत्रा हाडावर आपटायचा. हात निसटू नये म्हणून ती मूठ जिवाच्या आकांताने आवळून धरायची, आणि पाच मिनिटांत बोटे आखडायची. कुणीतरी सांगितले म्हणून आत ओढणी कोंबली होती. ती घामाने भिजून गोळा व्हायची आणि नेमकी दुखऱ्या जागी बसायची. पोर मुळीच नाजूक नव्हती, पण पोलाद तिच्या मापाचे नव्हते.

जुन्या लढवय्यांना हे पक्के ठाऊक होते. कड्यांच्या चिलखताचा सगळा भार खांद्यांवर लोंबतो; कमरेला पट्टा आवळला की त्यातला पुष्कळसा भार कमरेवर उतरतो. छाती, पाठ आणि दोन कुशी यांना चार पोलादी पाट्या बांधायच्या, त्याला 'चार आईना' म्हणत. कुशीच्या पाट्यांना काखेशी खोलगट कापलेले असे, नाही तर हात उचलणेच मुश्कील. आणि या सगळ्याखाली कापूस भरलेला जाड अंगरखा. १६५९ च्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले ते अंगरख्याआड चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून, असे बखरी सांगतात. वरून दिसू नये, बसता-उठता अडू नये, आणि वेळ येताच हात मोकळा सुटावा, असे ते अंगाला बसलेले असले पाहिजे. त्याच भेटीत जिवा महालाने सय्यद बंडाचा हात उडवला तो पट्ट्यानेच, अशी परंपरा आहे.

तिकडे विलायतेत आठव्या हेन्री राजाची तरुणपणाची आणि उतारवयातली चिलखते जपून ठेवली आहेत. ती शेजारी ठेवली म्हणजे राजेसाहेबांचे पोट कसे वाढत गेले ते दिसते. दिवाळीच्या फराळानंतर आमचा कोटही हीच साक्ष देतो! २०११ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पोलादी चिलखत घातलेल्या माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवून पाहिले. चालायला लागणारी शक्ती दुपटीहून अधिक झाली. पायांवरचे पोलाद पावलागणिक उचलावे लागते आणि छातीवरचे श्वास पुरता घेऊ देत नाही, हे कारण. तेव्हा माप चांगले असले तरी वजन ते वजनच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी आधी पोरीला मूठ धरायला लावली, कोपर पुरता वाकवायला लावला आणि खडूने रेघ मारली. काठ लवणीपासून तीन बोटे खाली राहील इतका पत्रा कापला, आणि नवा काठ बाहेरच्या अंगाला गोल वळवला. वरची पट्टी काढून बकल असलेला चामडी पट्टा बसवला. "खालून दोन बोटं सरकली पाहिजेत," ते म्हणाले. "बोटांना मुंग्या आल्या की समजायचं, फार आवळलं."

राहिले आतले अस्तर. त्यासाठी काय घालावे याचा विचार करीत घरी आलो, तर अक्का चष्मा लावून बसलेल्या. पुढ्यात जुने मऊ लुगडे. काही न बोलता त्यांनी नातीचा हात मापला आणि चार पदरांची, गोधडीच्या टाक्याची जाड पिशवी शिवली. टोकांना बंद, म्हणजे सरकणार नाही आणि धुताही येईल.

संध्याकाळी अंगणात पोरीने बोथट पात्याचा पट्टा चढवला. सगळ्यांना दहा हात लांब उभे केले. आधी सावकाश, मग जोरात. पाते सूं सूं वाजू लागले. मूठ सैल होती, खांदा फिरत होता.

"दुखतंय का गं?" अक्कांनी विचारले.

"खांदा दुखतोय, आज्जी. पण हाड नाही."

"खांदा दुखू दे," अक्का म्हणाल्या आणि दिवे लावायला आत गेल्या.

वाचकहो, मूल 'दुखते' म्हणाले की आपण एक तर 'सोडून दे' म्हणतो, नाही तर 'सोस' म्हणतो. यापुढे मी आधी विचारणार आहे, कुठे दुखते? मेहनतीने दुखणारा खांदा रात्रीच्या झोपेने बरा होतो. काठ रुतून दुखणारे हाड मात्र ना हट्टाने बरे होते, ना शाबासकीने. तिथे पत्राच कापावा लागतो.

आणि हो, पोर वाढते आहे. वर्षभराने हा खोबळा आखूड होईल. पुढच्या दिवाळीला नव्या झग्याबरोबर त्याचेही माप घ्यायचे, असे अक्कांनी आत्ताच बजावून ठेवले आहे.