दुसरं बक्षीस : ‘हतबल’

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस मिळालं होतं, हे काही जणांना आठवत असेल. (नसेल आठवत तर उत्तमच. ते बक्षीस मला आता का टोचतंय, यावरच हा लेख आहे.)

फोटो ब्लॅक अँड व्हाइट. पुण्याच्या मंडईत डिसेंबरमध्ये सकाळी सकाळी काढलेला. पन्नाशीचे एक हमालकाका पायरीवर बसलेत, रिकामी पाटी शेजारी, कपाळ तळहातावर टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, बाजूने तिरकं ऊन. खाली मी जाड अक्षरात छापलं होतं – ‘हतबल’. परीक्षक सर त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “काय पकडलंयस रे!” झालं! पुढचा आठवडा आम्ही हवेत. सबमिशनचं टेन्शनसुद्धा आलं नाही.

प्रदर्शन संपलं आणि ती मोठी प्रिंट रूमवर कपाटामागे पडून राहिली. रूमपार्टनर म्हणाला, “ज्याचा फोटो आहे त्यालाच नेऊन दे की, उगाच धूळ खातोय.” म्हणून एका रविवारी मंडईत गेलो. दोन भाजीवाल्यांना फोटो दाखवला, तिसऱ्याने थेट काकांपुढे नेऊन उभं केलं.

काकांनी प्रिंट आधी लांब धरली, मग जवळ धरली. “हा मीच का?” म्हणाले आणि खूष झाले. चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. मग मी तो प्रश्न विचारला, जो खरं तर फोटो काढला त्या दिवशीच विचारायला हवा होता. “काका, तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?”

“कधीचाय ह्यो?”

“डिसेंबरचा.”

“आता डिसेंबरातलं काय ध्यानात ऱ्हातंय? झोप आली आसंल. न्हाईतर हिशेब करत आसंन. दोन टेम्पो खाली केले की बसतो मी जरा.”

तेवढ्यात त्यांची मुलगी डबा घेऊन आली. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आधी फोटो पाहिला, मग खालचा शब्द वाचला.

“हतबल म्हणजे?” तिला अर्थ पक्का ठाऊक होता, हे आवाजावरूनच कळलं. “दादा, माझी फी हे भरतात. घराचे हप्ते यांनी फेडलेत. हे हतबल कुठून दिसले तुम्हाला?”

मी ‘प्रतीकात्मक’ वगैरे काहीतरी पुटपुटलो. काका म्हणाले, “जाऊ दे गं, चांगला आलाय फोटू.” तिने प्रिंटचा खालचा पट्टा, ज्यावर तो शब्द होता, तेवढाच नखाने घडी घालून मागे दुमडला आणि प्रिंट पिशवीत ठेवली.

रूमवर येऊन मी त्या दिवसाचं फोल्डर उघडलं. काकांचे एकूण 14 फोटो होते, चार-पाच मिनिटांत काढलेले. तिसऱ्यात ते कुणाकडे तरी बघून खो-खो हसतायत. सातव्यात कान खाजवतायत. नवव्यात चक्क जांभई. अकरावा म्हणजे माझा ‘हतबल’. आणि बाराव्यात माझ्याकडे बघून हात वर केलाय, बहुतेक ‘काय रे पोरा’ असं विचारत असावेत. मूळ फोटो अर्थातच रंगीत आहे. मागे गाजरांचा ढीग, लालबुंद! दुःखी माणसामागे गाजरं शोभत नाहीत, म्हणून मी तो ब्लॅक अँड व्हाइट केला होता. हे मी विसरूनच गेलो होतो, खरं सांगतो.

आता आपण इंजिनिअर लोक, तेव्हा हिशेब करू. शटर स्पीड होता 1/250. म्हणजे चौदाही फोटो मिळून मी काकांच्या आयुष्यातले 0.056 सेकंद पकडले. त्यातले 0.004 सेकंद भिंतीवर लावले आणि त्यांच्या मनाची अवस्था जाहीर करून टाकली! सिग्नल्सच्या ओरलला कोणी म्हणालं, ‘सर, एका सॅम्पलवरून अख्खा सिग्नल उभा करतो,’ तर त्याला नायक्विस्टचं नाव घेऊन बाहेर काढतील. तिथे सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सॅम्पल घ्यावे लागतात. माणसाच्या चेहऱ्याला मात्र आपण एकात उरकतो. बरं, तो एकही सॅम्पल आपोआप हाती आलेला नाही, मुद्दाम निवडलेला. लॅबमध्ये चौदा रीडिंग्ज घेऊन ग्राफला जुळणारं तेवढंच जर्नलमध्ये उतरवलं तर त्याला काय म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. (आणि सगळे तेच करतात. असो.)

आपल्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये एक समज पक्का आहे. पोझ दिलेला फोटो खोटा, कँडिड फोटो खरा. समोरच्याला कळलंच नाही म्हणजे त्याने काही लपवलं नाही, म्हणजे जे दिसतंय तेच त्याच्या मनात आहे. यातली पहिली पायरी बरोबर आहे. दुसरीवर मात्र आपण सगळे घसरतो.

याचं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. 11 सप्टेंबर 2001. थॉमस होपकर हा मॅग्नम या संस्थेचा नावाजलेला फोटोग्राफर. त्याने त्या दिवशी ब्रुकलिनमध्ये नदीकाठी एक फोटो काढला. पाच तरुण मंडळी उन्हात निवांत गप्पा मारत बसल्यासारखी दिसतात आणि पलीकडे मॅनहॅटनमधून धुराचा प्रचंड लोट उठतोय. होपकरलाच तो फोटो इतका खटकला की त्याने काही वर्षं बाहेर काढला नाही. 2006 मध्ये तो गाजला. न्यूयॉर्क टाइम्सचा स्तंभलेखक फ्रँक रिच याला त्यात इतक्या लवकर सगळं मागे टाकून पुढे निघालेला देश दिसला. मग त्या पाचांपैकी एकाने जाहीर उत्तर दिलं. आम्ही हादरलेलो होतो, जे घडतंय त्याबद्दलच बोलत होतो, आणि फोटोग्राफरने जवळ येऊन एका शब्दाने विचारलं असतं तर कळलं असतं!

गंमत म्हणजे हे उत्तर वाचून पुन्हा फोटो पाहिला, तर त्याच चेहऱ्यांवर धक्का दिसायला लागतो. फोटो तोच, एक पिक्सेलही हललेला नाही. पण म्हणून उत्तर देणाऱ्याचं म्हणणं तरी शेवटचं मानायचं का? पाच वर्षांनंतरची आठवण आहे ती. काकांना तर तीन महिन्यांपूर्वीचंही आठवत नव्हतं. म्हणजे फोटोतून भावना नक्की कळत नाहीच, पण कधी कधी ज्याची आहे त्यालाही ती सांगता येत नाही.

सिनेमावाल्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह याने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका स्त्रीला जोडून दाखवला आणि लोकांना त्यात भूक, दुःख, वासना असं वेगवेगळं दिसलं, अशी गोष्ट सांगतात. माझं ‘हतबल’ म्हणजे तो सूपचा वाडगा.

हे सगळं ग्रुपमध्ये बोललो तर एक मित्र उखडला. “मग काय, स्ट्रीट फोटोग्राफी बंद करायची? अर्थ बघणाऱ्याचा असतो!” अरे, बंद कोण करतंय? मी तर या रविवारीही जाणार आहे. अर्थ बघणाऱ्याचाच असू दे की! पण मग तो बघणाऱ्याला लावू दे. आधीच जाड अक्षरात उत्तर छापून ठेवलं तर त्याच्यासाठी उरलं काय? रघू राय यांचा 1995 चा मुंबईतल्या चर्चगेट स्टेशनचा फोटो बघा. गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मधेच काही माणसं पेपर वाचत स्थिर. ती वैतागलीत, कंटाळलीत, की त्या गोंधळात मजेत आहेत? मी कितीदा तरी पाहिलाय, दर वेळी वेगळं वाटतं. त्याच्याखाली कुणी ‘मुंबईची घुसमट’ असं लिहिलं असतं तर मी एकदाच बघून पुढे गेलो असतो.

आणि अर्थ बघणाऱ्याचा असला तरी चेहरा दुसऱ्याचा आहे. आपण गरीब दिसणाऱ्या माणसाला किती पटकन ‘वेदना’, ‘व्यथा’, ‘एकाकी’ अशी नावं चिकटवतो, मागच्या तीन वर्षांची प्रदर्शनं आठवा. सबमिशनच्या रात्री आपण लायब्ररीच्या पायरीवर अगदी त्याच पोझमध्ये बसलेलो असतो. आपल्या फोटोला कुणी ‘हतबल’ म्हणत नाही, ‘इंजिनिअरिंग लाइफ’ म्हणतात आणि हसतात.

या वर्षीच्या प्रदर्शनाचा फॉर्म परवा भरला. फोटो तोच देतोय, पण तीन, नऊ, अकरा आणि बारा असे चार एकत्र, रंगीत, गाजरांसकट. काकांना फोन करून विचारलंय. ‘शीर्षक’ हा रकाना कम्पल्सरी आहे, तिथे ‘मंडई, पुणे. डिसेंबर.’ एवढंच लिहिलं. फॉर्म घेणारा ज्युनिअर म्हणाला, “सर, हे टायटल नाहीये, हा पत्ता आहे. काहीतरी इमोशनल टाका ना, मार्क असतात त्याला.”