जट देवीची कीं भीतीची?

दरवर्षीं २५ सप्टेंबर रोजीं चिरनेर येथें हुतात्म्यांच्या स्मारकापुढें लोक जमतात, फुलें वाहतात, भाषणें होतात आणि सायंकाळीं सर्वजण आपापल्या घरीं परततात. १९३० सालीं याच दिवशीं, तेव्हांच्या पनवेल तालुक्यांतील व आजच्या उरण तालुक्यांतील या गांवाजवळ, अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या खेड्यांतील रयत जंगलचा कायदा मोडण्यासाठीं कोयते घेऊन चढली. पोलिसांनीं गोळीबार केला. आठ माणसें धारातीर्थीं पडलीं, आणि त्याच धामधुमींत मामलेदार जोशी हेही प्राणास मुकले. त्या आठांच्या यादींत नाग्या महादू कातकरी हें एक नांव आहे, व रघुनाथ मोरेश्वर न्हावी हें दुसरें. या नांवांचें स्मरण करणें हें आमचें सर्वांचें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु नुसत्या स्मरणानें कर्तव्य पुरें होतें काय? ज्या रयतेनें बंदुकीची भीति टाकली, तिच्या मुलानातवंडांनीं मनांतल्या इतर भीतींचा हिशेब कधीं मांडला आहे काय? त्यांपैकीं एका भीतीविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. ती बंदुकीची नव्हे. ती बाईच्या डोक्यावर तिच्याच केसांच्या रूपानें वसते, आणि तिला आपल्याकडे जट म्हणतात.

चिरनेरांत कोणाच्या घरीं जट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या कर्नाटकाला लागून असलेल्या जिल्ह्यांत व पुण्याच्या आसपास हा प्रकार वारंवार आढळून आला आहे. तरी जट म्हणजे देवीचें बोलावणें, ही समजूत महाराष्ट्राच्या एकाच कोपऱ्यापुरती आहे, असें मानण्याचें कारण नाहीं; आणि ज्या गांवानें एका भीतीचें पाणी जोखलें, त्या गांवाच्या नांवानें दुसरीचें जोखणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम जट होते कशी तें पाहूं. मनुष्याच्या डोक्यावरून रोज सुमारें पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. फणी फिरली म्हणजे ते निघून जातात. न फिरली तर ते उरलेल्या केसांतच अडकून राहतात. केसाच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पदर असतात. ते एकमेकांत गुंततात; त्यांत घाम, तेल, धूळ व उवांची लिखें मिळतात, आणि कांहीं आठवड्यांतच गुंत्याचा नमदा बनतो. बाळंतपण, लांबलेला ताप, मनाचा आजार, किंवा घरांतील कामाच्या रगाड्यांत डोक्याकडे पाहण्यासही न मिळालेली फुरसत, इतकें निमित्त पुरतें. जगांतील सर्व वैद्यक याला केसांचा गुंता म्हणतें. आपल्याकडे मात्र शेजारीण येऊन पाहते आणि म्हणते, "अग बाई, आई आली!"

येथून पुढें जें घडतें, त्यांत केसांचा दोष कांहींच नाहीं. ज्या दिवशीं गुंत्याला देवीचें नांव मिळतें, त्या दिवसापासून फणी बंद होते. गुंत्यावर हळदकुंकू वाहिलें जातें, भंडारा लावला जातो, मंगळवारीं व शुक्रवारीं पूजा होते. हळदकुंकवाच्या त्या थरांनीं गुंता अधिकच घट्ट होतो, आणि घट्ट झाला हाच देवीच्या कृपेचा पुरावा मानला जातो! सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या नांवानें जट आल्याचें सांगून अजाण मुली देवीला सोडण्यांत आल्या, त्यांचें पुढें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं, कर्नाटकांत १९८२ सालीं आणि महाराष्ट्रांत पुन्हां या शतकाच्या आरंभीं देवदासी प्रथेविरुद्ध कायदे करावे लागले. देवदासीची चाल कायद्यानें निषिद्ध ठरली, परंतु तिची दूती जी जट, ती मात्र घरोघर सुखानें फिरत राहिली.

जट वागविणाऱ्या बाईचें सुख काय तेंही पहावें. वाढत वाढत जट कमरेपर्यंत, कधीं गुडघ्यापर्यंत येते. तिचें वजन मानेवर पडतें. मान व पाठ दुखते. कुशीवर निजतां येत नाहीं. न्हाल्यावर ती आंतून वाळत नाहीं, म्हणून न्हाणेंच टळतें. मग दुर्गंधि येते, उवा होतात, डोक्याची कातडी चिघळते. लोक एका हातानें पाया पडतात आणि दुसऱ्या हातानें नाक धरतात. देवी म्हणून तिची ओटी भरावयाची, आणि माणूस म्हणून तिला जवळ बसवून घ्यावयाचें नाहीं! असली प्रतिष्ठा आमच्यापैकीं किती जण आपल्या बहिणीकरितां पसंत करतील?

"कापली तर रक्त येईल, घरांतलें माणूस दगावेल," असें सांगितलें जातें. रक्ताविषयीं म्हणाल, तर डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव असतो. त्यांत नस नाहीं, रक्त नाहीं, वेदना नाहीं. रोज सकाळीं दाढी करणाऱ्या प्रत्येक वाचकास याचा अनुभव आहे. आतां माणूस दगावण्याविषयीं. कोणत्याही नांदत्या घरांत वर्षादोनवर्षांत कोणी आजारी पडतो, कोणाचें जनावर मरतें, कोणाचें पीक बुडतें. जट कापल्यावर तें घडलें तर देवीचा कोप. जट ठेवून घडलें तर सेवेंत कसूर. ज्या खातेवहींत जमा व नावें दोन्ही बाजूंस एकाच सावकाराचें येणें निघतें, ती वही खोटी आहे, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं.

हें सर्व आमच्याच धर्मांत आहे, असें समजून कोणी मान खालीं घालूं नये, किंवा अभिमानानें वरही करूं नये. युरोपांत पोलंड देशांत शेंकडों वर्षें हाच प्रकार होता. तेथें या गुंत्यास कोल्टुन म्हणत. शरीरांतला रोग केसांवाटे बाहेर येतो, आणि गुंता कापला तर माणूस आंधळा होतो किंवा त्यास वेड लागतें, असा तेथील शेतकऱ्यांचा दृढ समज होता. परकी डॉक्टरांनीं या रोगास लॅटिन भाषेंत जें नांव दिलें, त्यांतही पोलंडचें नांव कायमचें चिकटलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूव येथील वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डीट्ल यांनीं हा रोग नसून अस्वच्छता व अज्ञान यांचें फळ आहे, असें ठासून सांगितलें आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. पुढें १८६६ सालीं तेच डीट्ल त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. तेथें यल्लम्मा नव्हती, तरी जट होती. मग ती देवीची कशी? जेथें फणी पोंचली नाहीं आणि भीति पोंचली, तेथें ती झाली. मग देश कोणताही असो.

कोणी विचारील, साधु जटा ठेवतात त्यांचें काय? आणि हल्लीं शहरांतील तरुण मंडळी पैसे मोजून केसांच्या वळ्या करून घेतात, जमैकांतील रास्ताफारी पंथाचे लोक त्या निष्ठेनें वाढवितात, त्यांनाही तुम्ही कात्री दाखविणार काय? मुळींच नाहीं. आमचें भांडण फणी न वापरण्याशीं नाहीं. केस विंचरावे, न विंचरावे, वळावे, कीं मुळापासून उतरावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. नीट धुतलेल्या व वाळविलेल्या वळ्यांपासून कोणास अपाय नाहीं. साधूनें जटा स्वेच्छेनें घेतली, आणि उद्यां ती उतरविली तर त्याचे भाऊबंद मरतील, असें त्यास कोणी बजावीत नाहीं. कॉलेजांतील तरुण कंटाळला कीं दुपारीं दुकानांत जाऊन मोकळा होतो. जट वागविणाऱ्या बाईला हा अधिकार आहे काय? एवढा एकच प्रश्न आम्ही विचारतों, आणि त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे.

या उत्तरांत आपल्या समाजाचा एक जुना रोग दिसतो. शंभरसव्वाशें वर्षांपूर्वीं नवरा मेला कीं वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरत असे. तिला तो नको असला तरी फिरे. येथें बाईला कात्री हवी असली तरी ती मिळत नाहीं. एका ठिकाणीं केस ठेवण्याची बंदी, दुसऱ्या ठिकाणीं काढण्याची! दोन्ही चालींचें बीज एकच: बाईचें डोकें हें बाईचें नव्हे. आगरकरांनीं केशवपनावर लेखणी झिजविली, ती याच बीजावर. आणि हेंही विसरतां कामा नये कीं, १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनीं सभा भरविली, व विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरावयाचा नाहीं, असा निर्धार केला. पंडितांचा शास्त्रार्थ चालू असतां ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींच तो खालीं ठेवला. सुधारणा कोणाच्या हातून होते, याचा हा धडा आहे.

आज तोच धडा उलट दिशेनें गिरवावयाचा आहे. वस्तरा खालीं ठेवण्यास तेव्हां जें धैर्य लागलें, तेंच आज कात्री उचलण्यास लागतें. पुण्याच्या नंदिनी जाधव या स्वतः ब्यूटीपार्लरचा व्यवसाय केलेल्या बाई. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, हें वाचकांस आठवत असेल. त्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामांत जाधव यांनीं स्वतःस वाहून घेतलें आणि पुष्कळ स्त्रियांची जट आपल्या हातानें उतरविली. त्यांच्या कामांत कात्रीस वेळ थोडा लागतो. घरच्यांची समजूत घालण्यास फार. सासूस सांगावें लागतें, नवऱ्यास सांगावें लागतें, कधीं सबंध आळीस सांगावें लागतें. आणि त्या बाईची मनापासून संमति मिळाल्याशिवाय हात लावतां येत नाहीं. आम्हांस ही रीत सर्वथा योग्य वाटते. जबरीनें कापलेली जट डोक्यावरून उतरते, मनांतून उतरत नाहीं. आणि पुढें घरांत कोणास साधें खोकला-पडसें झालें तरी त्याचा दोष त्या बाईच्या माथीं बसतो.

सरकारनें काय करावें? २०१३ सालीं महाराष्ट्रानें नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. चमत्काराच्या नांवानें फसविणारा व दहशत घालणारा त्यांत सांपडूं शकतो. म्हणून जटेची धमकी घालून पैसे उकळणाऱ्या देवऋषीविरुद्ध त्याचा उपयोग करावा, असें आम्ही म्हणूं. परंतु कायद्याच्या हातास मर्यादा आहे. शेजारणीचें कुजबुजणें आणि सासूचें भ्यालेलें मन यांवर तो समन्स बजावूं शकत नाहीं. तें काम समाजाचें आहे, आणि त्यांतील मोठा वाटा आमच्या वाचकांसारख्या साक्षर शहरवासीयांचा आहे.

तो वाटा फार अवघड नाहीं. घरांत बाळंतीण असेल, तापानें अंथरुणास खिळलेली मुलगी असेल, तर तिच्या डोक्यास तेल लावून फणी फिरविण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी अंगावर घ्यावें. आरंभींचा गुंता तेलानें व धीरानें सुटतो. महिनाभराच्या दुर्लक्षानें तो कात्रीवाचून सुटत नाहीं. डॉक्टरांनीं जट दिसली कीं औषध लिहून स्वस्थ बसूं नये. "हे केस आहेत, यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं," हे दोन शब्द घरच्यांसमोर उच्चारावे. पनवेल व उरणच्या बाजारांत केशकर्तनालयें व पार्लरें थोडीथोडकीं नाहींत. त्यांपैकीं एकानें तरी "येथें जट विनामूल्य उतरविली जाईल" अशी पाटी लावली, तर शंभर व्याख्यानांचें काम होईल. आणि व्यापारी बंधूंस एवढेंच सांगणें कीं, जटेच्या नांवानें होणाऱ्या यात्रा, ओट्या व नैवेद्य यांसाठीं गरीब गिऱ्हाईक तुमच्याच दुकानीं उधारी करतें. तो माल विकण्यापूर्वीं त्या बाईच्या मानेकडे एकदां पहावें.

चिरनेरच्या रयतेस डोंगर चढण्यापूर्वीं सर्व कांहीं ठाऊक होतें. पुढें बंदुका असतील हेंही ठाऊक होतें. ती चढली, कारण जंगल आपलें आहे अशी तिची खात्री होती. आपलें डोकें आपलें आहे, एवढी खात्री ज्या बाईस अजून कोणीं दिली नाहीं, तिला ती देणें हें त्या आठ जणांच्या वारसांस जड वाटूं नये. येत्या २५ सप्टेंबरला स्मारकावर फुलें वाहतांना प्रत्येकानें स्वतःस विचारावें कीं, आपल्या ओळखींतील एखाद्या आईच्या, आत्याच्या किंवा मोलकरणीच्या डोक्यावर असें ओझें आहे काय. असेल, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्या घरीं जावें, तिच्याशीं बोलावें, आणि तिची इच्छा असेल तर कात्री घेऊन तिच्याजवळ बसावें.