टॉरासीची रशियातील कमाई आणि अमेरिकी महिला बास्केटबॉल

फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या महिला बास्केटबॉलमध्ये एक विलक्षण घटना घडली. फिनिक्स मर्क्युरी संघाची आघाडीची गार्ड डायना टॉरासी हिने त्या वर्षी मायदेशातील हंगाम खेळणार नसल्याचे जाहीर केले. ती जायबंदी नव्हती, संघाशी तिचे बिनसलेही नव्हते; उलट अवघ्या पाच महिन्यांपूर्वी तिने संघाला विजेतेपद मिळवून दिले होते. रशियातील यूएमएमसी एकातेरिनबर्ग हा क्लब हिवाळ्यात तिला खेळवीत असे. उन्हाळ्यात तिने विश्रांती घ्यावी, यासाठी या क्लबने तिला पैसे देऊ केले होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार मर्क्युरीकडून तिला वर्षाला सुमारे १ लाख ७ हजार डॉलर मिळत, तर रशियन क्लबकडून सुमारे १५ लाख. हे आकडे पाहिल्यावर तिच्या निर्णयाचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते हा निर्णय कोणी आधी कसा घेतला नाही याचेच.

अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक स्पर्धा डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये सुरू झाली. ती उन्हाळ्यात खेळली जाते आणि युरोपातील स्पर्धा ऑक्टोबर ते एप्रिल-मे या काळात होतात. या वेळापत्रकामुळे वर्षाचे दोन भाग करून दोन खंडांत खेळणे शक्य झाले आणि पाहता पाहता तीच रीत बनली. मायदेशी कीर्ती मिळवायची आणि परदेशी पैसा, अशी ही विभागणी होती. अमेरिकी स्पर्धेला इतक्या कमी वेतनात जगातील सर्वोत्तम खेळाडू मिळत राहिल्या, याचे एक मोठे कारण त्यांचा उरलेला पगार मॉस्को, इस्तंबूल किंवा एकातेरिनबर्ग येथून येत होता, हे आहे.

टॉरासीची कारकीर्द या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण ठरते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेली ही खेळाडू अर्जेंटिनातून आलेल्या कुटुंबातली. कनेक्टिकट विद्यापीठाकडून तिने २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि २००४ च्या निवड प्रक्रियेत तिला पहिला क्रमांक मिळाला. मॉस्कोनजीकच्या स्पार्टाक संघात ती आणि तिची सहकारी गार्ड स्यू बर्ड एकत्र आल्या आणि २००७ ते २०१० या काळात या संघाने लागोपाठ चार वेळा युरोलीग जिंकली.

स्पार्टाकचे मालक शाबताई काल्मानोविच हे एखाद्या कादंबरीत शोभावे असे गृहस्थ होते. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल त्यांनी इस्रायलमध्ये तुरुंगवास भोगला होता आणि नंतर रशियात मोठी संपत्ती जमविली होती. खेळाडूंना ते उत्तम घरे आणि भरघोस वेतन देत. तिकीटविक्रीतून वा प्रक्षेपणाच्या हक्कांतून एवढा खर्च भरून निघण्याची शक्यता नव्हती. हा एका धनिकाचा शौक होता. २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोत भर रस्त्यावर त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. त्यानंतर टॉरासी आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो हंगाम पूर्ण केला, युरोलीगही जिंकली. परंतु ज्याच्या इच्छेवर सारे उभे आहे तो आश्रयदाताच नाहीसा झाला तर काय, हा प्रश्न तेव्हाच समोर आला होता.

परदेशी नोकरीची दुसरी जोखीम तिने तुर्कस्तानात अनुभवली. डिसेंबर २०१० मध्ये फेनेरबाचे संघाकडून खेळत असताना तिच्या उत्तेजक चाचणीत मोडाफिनिल आढळल्याचे जाहीर झाले. तिने आरोप नाकारला, तरी क्लबने करार संपुष्टात आणला. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रयोगशाळेने आपला अहवाल मागे घेतला आणि तिच्यावरील बंदी उठली. निर्दोष ठरेपर्यंत ती मायदेशी परतलेली होती आणि तिचा तो हंगाम वाया गेला होता. पुढच्याच हंगामात मात्र ती पुन्हा इस्तंबूलमध्ये दाखल झाली, या वेळी गलातासराय संघाकडून. मायदेशी तेवढे वेतन मिळण्याची सोय नव्हती, एवढे लक्षात घेतले की या पुनरागमनाचे कोडे उरत नाही.

त्यानंतर २०१२ ते २०१७ अशी पाच वर्षे एकातेरिनबर्ग. हा क्लब उरल भागातील खाण व धातू उद्योगसमूहाच्या पैशावर चाले. तेथे तिने २०१३ आणि २०१६ मध्ये आणखी दोनदा युरोलीग जिंकली.

बारमाही खेळाची किंमत शरीरही मोजत होते. एप्रिल २०१९ मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात रशियाच्या डायनामो कुर्स्क संघाकडून खेळताना ब्रियाना स्टुअर्ट हिच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि अमेरिकेतील संपूर्ण हंगाम तिला मुकावे लागले. २०२० च्या सामूहिक वेतन करारात डब्ल्यूएनबीएने कमाल वेतन २ लाख १५ हजार डॉलरपर्यंत नेले. परंतु त्याचबरोबर परदेशातून उशिरा परतणाऱ्या अनुभवी खेळाडूंना २०२३ पासून दंड आणि २०२४ पासून थेट हंगामभराचे निलंबन, अशी अटही घातली. स्वतः पुरेसे वेतन न देता दुसऱ्याकडे जाण्यास मनाई करण्याचा हा प्रकार खेळाडूंना रुचला नाही, यात नवल नाही.

रशियाचा दरवाजा मात्र या अटीपूर्वीच बंद झाला. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी टॉरासीची फिनिक्समधील सहकारी ब्रिटनी ग्राइनर एकातेरिनबर्गकडून खेळण्यासाठी येत असता तिला मॉस्कोच्या विमानतळावर गांजाच्या तेलाच्या नळ्या बाळगल्याबद्दल अटक झाली. आठवडाभरातच युक्रेनवर आक्रमण झाले आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियन संघांना आपल्या स्पर्धांतून वगळले. ऑगस्टमध्ये ग्राइनरला नऊ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ८ डिसेंबर रोजी शस्त्रविक्रेता व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली.

त्यानंतर पैसा मायदेशी येऊ लागला. जुलै २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएने अकरा वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचे प्रक्षेपण करार जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर यांनी स्थापन केलेली ‘अनरायव्हल्ड’ ही हिवाळी स्पर्धा मायामीजवळ सुरू झाली. तिचे सरासरी वेतन २ लाख डॉलरहून अधिक होते. पुढच्याच महिन्यात सहा ऑलिंपिक सुवर्णपदके आणि डब्ल्यूएनबीएमधील विक्रमी १०,६४६ गुण नावावर असलेल्या टॉरासीने निवृत्ती जाहीर केली. ज्या बदलाची गरज तिच्या २०१५ च्या निर्णयाने उघड केली, त्याचा लाभ तिला स्वतःला फारसा झाला नाही.

हा लाभ सर्वांपर्यंत पोहोचला आहे, असेही नाही. २०२४ पर्यंत डब्ल्यूएनबीएत बारा संघ होते आणि प्रत्येकी बाराच खेळाडूंना जागा. ‘अनरायव्हल्ड’च्या पहिल्या हंगामात तर अवघ्या ३६. दरवर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या शेकडो गुणी गार्डपैकी बहुतेकींना या यादीत स्थान नसते. त्यांच्यासाठी तुर्कस्तान, स्पेन किंवा ऑस्ट्रेलियातील क्लब हाच एकमेव रोजगार आहे, आणि तेथे १५ लाख डॉलर कोणी देत नाही.