गेममधली कार ट्रॅकवर आणताना काय बदलते?

‘ग्रॅन टुरिझ्मो ५’ या गेमसाठी २०१० मध्ये रेड बुलचे डिझायनर एड्रियन न्यूई यांनी ‘एक्स२०१०’ ही कार आखली. शर्यतीचे नियमच नसते तर, हा त्यामागचा प्रश्न. म्हणून चाके झाकलेली आणि गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवणारा पंखा.

पंख्याची कल्पना जुनीच. ब्रॅबहॅमच्या अशा कारने १९७८ची स्वीडिश ग्रां प्री जिंकली, पण ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

गेममध्ये वळणाचा ताण कुणाच्या मानेवर येत नाही. धडकल्यावर बटण दाबले की कार पुन्हा कोरी. खऱ्या कारमध्ये माणूस बसतो. तिचा वेग थोडा कमी ठेवावा लागला, तर ती हार नव्हे. चालक सुखरूप घरी परतावा, यासाठी मोजलेली ती रास्त किंमत आहे.