शून्य म्हणजे 'अज्ञात' नव्हे

१/ "साल माहीत नसेल तर रकाना सोडून दे," मित्र म्हणाला. मराठी पत्रांच्या सूचीसाठी जावा भाषेतला प्रोग्राम त्यानेच लिहून दिला होता. मी रकाना सोडला. सूचीत साल उमटले: ०. त्याच्या मते ही किरकोळ बाब. माझ्या मते ही खोटी नोंद. #थ्रेड

२/ आधी यंत्राची रीत. 'पत्र' हा क्लास म्हणजे साचा. साल, महिना, लेखक हे त्याचे रकाने. नवी नोंद घडवताना कन्स्ट्रक्टर चालतो. तो आपण लिहिलाच नाही, तर कंपायलर स्वतःचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर पुरवतो. न भरलेल्या पूर्णांकाच्या रकान्यात शून्य राहते, होय-नाहीच्या रकान्यात 'नाही'.

३/ आता इतिहास. आमच्या मीरा-भाईंदरमधले घोडबंदर मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतले. वसई मे १७३९ मध्ये पडली. त्या काळच्या अनेक पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, साल नसते. समजा, एखाद्या पत्रावर 'छ ७ रमजान' एवढेच आहे. मोहिमेच्या काळात ही तारीख दोनदा आली: डिसेंबर १७३७ आणि डिसेंबर १७३८.

४/ पहिल्या खेपेस वसई पडायला सतरा महिने होते, दुसऱ्या खेपेस पाच. पत्रात दारूगोळ्याची निकड असेल, तर ती कोणत्या टप्प्यावरची हे सालच सांगणार. म्हणून संपादक मजकुरातल्या व्यक्ती, ठाणी, घटना ताडून साल ठरवतात. यंत्र हे काम क्षणात 'उरकते'.

५/ आणि शून्य साल तर रूढ कालगणनेत नाहीच! इ.स.पूर्व १ नंतर थेट इ.स. १ येते. तरीही सूची कालक्रमाने लावली, की चिमाजी अप्पांच्या काळातले पत्र सातवाहनांच्या शेजारी जाऊन बसते.

६/ "शून्य निदान ओळखू तरी येते," हा प्रतिवाद मान्य. सी प्लस प्लसमध्ये अशा रकान्यात स्मृतीतला जुना कचराही असू शकतो. मोजणी सुरू करायलाही शून्यच योग्य. पण 'अस्सल आहे का?' या रकान्याचे काय? कुणी कागद तपासलेलाही नसतो आणि नोंद सांगते: नाही. हे खोटे ओळखणार कसे?

७/ गंमत अशी, की मेथडच्या आतल्या स्थानिक चलाला किंमत न देता ते वाचू गेलात, तर हाच जावा कंपायलर प्रोग्राम अडवतो. क्लासच्या रकान्यांबाबत मात्र तो उदार. ती उदारता नाकारणे आपल्या हाती आहे: स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला, की फुकटचा मिळत नाही.

८/ तेव्हा साल मागणारा कन्स्ट्रक्टर लिहा. उत्तर तीनच प्रकारचे घ्या: नोंदलेले, अनुमानित (आधारासह) किंवा अज्ञात. 'अस्सल'च्या रकान्यात 'तपासलेले नाही' हा तिसरा पर्याय ठेवा. सूची करणाऱ्या प्रत्येकाने प्रोग्राम लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: मी गप्प राहिलो, तर माझ्या नावावर तुमचे यंत्र काय बोलेल?