पूर्वकथा कुणाची?

१९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला नरभक्षक डॉ. लेक्टर असा का झाला, हे तिथे कुणी सांगत नाही. २००७ च्या ‘हॅनिबल रायझिंग’ने ते सांगितले आणि माझी निराशाच झाली. महायुद्धाच्या अखेरीस लिथुआनियात भुकेले लुटारू त्याच्या चिमुकल्या बहिणीला, मिशाला, मारून खातात. म्हणून हा खुनी! पहिला बळी एक खाटीक, कारण तो काकूला अश्लील बोलला. बहिणीचा सूड, काकूची अब्रू. मिशा जणू भावाला सबब मिळावी म्हणूनच जन्मली.

मैत्रिणींनो, समुपदेशन केंद्रात ही सबब मी नेहमी ऐकते. बायकोचा हात मोडणाऱ्याची आई सांगते, “ताई, लहानपणी फार सोसलंय हो त्यानं.” सोसले असेलही. पण त्याच बापाचा मार खाल्लेली त्याची बहीण कुणाचे हात मोडत नाही. तिच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

१९९१ च्या चित्रपटातली क्लॅरिससुद्धा पोरकीच. दहा वर्षांची असताना तिचा पोलीस बाप मारला गेला. ती शिकते, एफबीआयचे प्रशिक्षण घेते, विहिरीत कोंडलेल्या मुलीला सोडवते. पूर्वकथा मात्र निघाली लेक्टरची.